सूर्य बुडाल्यावर थांबा

समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्ताला कुणाचं पोर्ट्रेट काढायला गेलं की हमखास एक गोष्ट होते. समोर माणूस उभा असतो आणि आपण सूर्याच्याच नादी लागतो. मीही कित्येक वर्षं तेच करत होते. आज मला एवढंच सांगायचंय, की तुम्ही चेहरा काढायला गेलायत. सूर्य हा तुमचा दिवा आहे, त्याच्याकडे दिवा म्हणूनच बघा.

हा दिवा घाईत असतो. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो आणि त्याचं बिंब जेमतेम अर्धा अंश रुंद आहे. विषुववृत्ताजवळ तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत साधारण सव्वादोन मिनिटंच लागतात. उत्तरेला किंवा दक्षिणेला दूर गेलात तर तो तिरका उतरतो, थोडा जास्त वेळ देतो. गंमत म्हणजे बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं तेव्हा सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून वाकून आलेला उजेड आपल्याला तो वर दाखवतो. म्हणून कपडे, केस, उभं राहायची जागा हे सगळं तासभर आधी ठरलेलं हवं.

आता तोंड कुणीकडे? सूर्याकडे करून उभं केलंत तर डोळे बारीक होतात, पाणी येतं. पाठ करून उभं केलंत तर केसांना सोनेरी कड येते, पण चेहरा काळवंडतो, कारण कॅमेरा मागच्या झगझगीत आकाशाचा हिशेब धरतो. इथे काहीतरी सोडावं लागतं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावरून ठरवा आणि आकाश पांढरं पडू द्या, नाहीतर आकाश राखा आणि चेहऱ्याला फ्लॅश द्या. पण नुसता फ्लॅश देऊ नका. त्याचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो, त्या केशरी संध्याकाळी माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पापुद्रा, लावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेडाचा रंग जुळवणारी सेटिंग, तोही ऑटोवर सोडू नका, तो ते केशरीपण दोष समजून धुऊन काढतो. डेलाइटवर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर ठेवलात तर संध्याकाळ संध्याकाळच राहते.

माझी स्वतःची पसंती ओल्या वाळूला. लाट नुकतीच मागे गेलेली असते, वाळू आरशासारखी चमकत असते, तिथे माणूस उभा केला की हनुवटीखालची सावली आपोआप हलकी होते. वाऱ्यात रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवायचा पडदा, शिडासारखा ओढतो, तो धरायला माणूस लागतो. वाळूला कुणी धरावं लागत नाही. फक्त क्षितिजाची रेघ मानेतून जाऊ देऊ नका. थोडं खाली बसा, डोकं मोकळ्या आकाशात येईल.

लेन्सवर खारे तुषार बसले तर कोरड्या कापडाने घासू नका, वाळूचा कण असेल तर ओरखडा पडतो. आधी ब्लोअर, म्हणजे हवा मारायचा रबरी फुगा, मग किंचित ओलं कापड.

आणि सूर्य बुडाला की सामान आवरू नका. एकदा एका आजींचे फोटो काढत होते. तासभर त्यांचे डोळे मिटल्यासारखे, कपाळावर आठ्या, एकही फोटो धड नाही. सूर्य गेला, "झालं ना गं?" म्हणत त्या वाळूत चपला शोधायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, दोन मिनिटं इकडे बघा." मी समुद्राकडे पाठ करून घोटाभर पाण्यात उभी होते, बरोबरच्या मुलाला लाटांवर नजर ठेवायला सांगितलं होतं. आता पश्चिमेचं अख्खं आकाश त्यांच्यासमोर एक मोठा, मऊ दिवा झालं होतं. आठ्या सुटल्या. झगमगाट गेल्यावर बाहुल्या मोठ्या होतात, तशा त्यांच्या झाल्या. कमी उजेडासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० वर, शटर १/१२५ सेकंद. वाऱ्याने एक पांढरी बट ओठांवर आली होती, ती बाजूला करायला त्यांनी हात अर्धा वर नेला होता, आणि दोन्ही डोळ्यांत गुलाबी उजेडाची एकेक बारीक पट्टी होती.