माळ्यावरचा डिटेक्टर पुन्हा शेतात

ऑगस्ट सरत आला की इंग्लंडमधल्या गव्हाच्या शेतांत नुसती धसकटं उरतात. पुढच्या पेरणीपर्यंतचे हे दिवस मेटल डिटेक्टरवाल्यांचे. मध्ये कैक वर्षं छंद सोडलेले लोकही आता माळ्यावरून यंत्र खाली काढतात.

आधी बॅटरीचा कप्पा उघडायचा. आत राहिलेले अल्कलाइन सेल गळतात, स्प्रिंगांवर पांढरी पूड धरते. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन ती पुसायची आणि कप्पा पूर्ण वाळू द्यायचा.

यंत्र चालू झालं, पण सारखं कुरकुरतंय? कॉइलची, म्हणजे दांड्याच्या टोकाला धातू हुडकणाऱ्या तबकडीची, वायर बघा. दांड्याला ती घट्ट गुंडाळलेली हवी. कॉइलजवळ सैल हलली की खोटे आवाज येतात. कॉइलच्या कव्हरात अडकलेली ओली मातीही तेच करते. खिशातला मोबाइल बंद करा, विजेच्या तारांपासून दूर जा. मग धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स साधा, म्हणजे यंत्र मातीतल्या खनिजांना दाद देणार नाही.

खरी गोम डिस्क्रिमिनेशनची, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज बंद करायच्या सोयीची. कचरा नको म्हणून लोखंडासोबत फॉइलचे, म्हणजे यंत्राच्या पडद्यावर फॉइलसाठी उमटणारे, आकडेही बंद करायची जुनी खोड असते. पण मध्ययुगीन चांदीची पेनी जेमतेम दीड ग्रॅमची. 1279 पर्यंत सुट्ट्या पैशांसाठी तिचेच अर्धे आणि पाव तुकडे करत. हे चिमुकले तुकडे नेमके फॉइलच्या आकड्यांत बोलतात. तेव्हा फक्त लोखंड बंद ठेवा आणि फॉइल निमूटपणे खणा. कॉइल सावकाश, जमिनीला समांतर, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढवून.

नांगरटीच्या थराखाली आवाज गेला, तर थांबून त्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलवायचं. नाण्यांचा साठा असेल, तर त्याची मांडणी हीच अर्धी माहिती असते.

शेतमालकाची लेखी परवानगी पूर्वीसारखीच लागते. कायदा मात्र बदललाय. 1996 च्या ट्रेझर ॲक्टमध्ये, म्हणजे सापडलेल्या पुरातन ठेव्यांच्या कायद्यात, मुख्य कसोटी वयाची आणि धातूची: 300 वर्षांहून जुनं, किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी. 2010 मध्ये कंब्रियात क्रॉस्बी गॅरेटला सापडलेलं रोमन शिरस्त्राण काशाचं होतं, म्हणून कायद्यातून सुटलं आणि लिलावात खासगी ग्राहकाकडे गेलं. 30 जुलै 2023 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये 200 वर्षांहून जुनी, असाधारण महत्त्वाची वस्तू साध्या धातूची असली तरी ट्रेझर ठरू शकते. ट्रेझर असावं असं वाटलं, की 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं.