मणका दबला, टक्के किती?

(दृश्य : कुपवाड एमआयडीसी, शेडचं छप्पर)

सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस खाली येतो; अनेकदा टाचांवर, नाहीतर बैठकीवर. सगळा झटका बसतो तो छातीच्या बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यावर. म्हणून टाच मोडलेल्या कामगाराच्या कमरेचाही एक्स-रे काढायचा असतो. तो राहिला, की दोन महिन्यांनी भरपाईच्या दाव्यावर शंका येणारच.

बाजूने घेतलेल्या एक्स-रेत दबलेला मणका पाचरीसारखा दिसतो. पुढची उंची मागच्या उंचीशी आणि वरखालच्या मणक्यांशी ताडतात. 20 ते 25 टक्के घट सौम्य, 40 पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. मागची भिंत फुटली का, हे मात्र सीटीतच नीट कळतं. तुकडा मज्जारज्जूकडे सरकला असेल तर प्रकरणच वेगळं.

विमा कंपनीचा पहिला आक्षेप ठरलेला : "हे जुनंच आहे." उत्तर एमआरआयच्या स्टर (STIR, सूज ठळक दाखवणाऱ्या) चित्रांत असतं. ताज्या फ्रॅक्चरची सूज तिथे पांढरी चमकते, जुन्या भरलेल्यात नाही. ही सूज काही महिन्यांत ओसरते. उशिरा काढलेला एमआरआय कामगाराच्याच विरोधात जातो. डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोर उणे 2.5 किंवा त्याखाली आला, म्हणजे हाडं ठिसूळ आहेत. तेवढ्याने दावा बाद होत नाही.

(दृश्य : डॉक्टरच्या दाखल्यावर अपंगत्वाच्या टक्क्यांचा रकाना)

घोळ होतो तो इथे. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात हात, पाय, बोटं, डोळे यांचे टक्के छापलेले होते, मणक्याचे नव्हते. कमाईची क्षमता किती घटली, हे डॉक्टरने ठरवायचं. शरीराचं अपंगत्व आणि कमाईतली घट एकच नव्हे. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराची घट सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये शंभर टक्के मानली.

आता हिशेब. वय 40, हिशेबात धरायचा पगार 15,000. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले 184.17 (कायद्याच्या तक्त्यातला चाळिशीचा गुणक), म्हणजे शंभर टक्के घटीला 16,57,530 रुपये. डॉक्टरने 10 टक्के लिहिले तर 1,65,753. 40 लिहिले तर 6,63,012. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही रचना हीच आहे. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असेल तर हा दावा चालत नाही. तिथे वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं.

कमरेला ब्रेस (आधाराचा पट्टा) असतानाच दिलेला कायमचा दाखला उलटतपासणीत टिकणं कठीण. मणका भरून दुखणं स्थिरावू द्यावं, मग लिहावं : किती किलो उचलतो, किती वेळ वाकतो, शिडी चढतो का. पत्रे बसवणाऱ्याच्या बाबतीत शिडीचा मुद्दा आधी.