भटकंतीसाठी ट्रायपॉड निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा सुरू झाला की नागपूरकरांच्या गाड्या चिखलदऱ्याकडे वळू लागतात. तिथल्या धबधब्याची धार छायाचित्रात सलग आणि मऊ उतरावी असे वाटत असेल, तर शटर पाव ते एक सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि तेवढा वेळ हातातला कॅमेरा स्थिर राहील याचा भरवसा नसतो. म्हणून ट्रायपॉड लागतो. तो पाठीवर वाहून नेण्याइतका हलका आणि खिशाला परवडणारा कसा निवडावा, याविषयी आज बोलायचे आहे.

खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: जास्तीत जास्त उंची आणि पेलवणारे वजन. माझ्या मते या दोहोंवर फार विसंबू नये. उंची मोजताना मधला दांडा पूर्ण वर काढलेला असतो, आणि तो वर काढला की तीन पायांचा आधार असूनही कॅमेरा एका काठीवर डोलू लागतो. वजनाचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्याऐवजी दांडा खालीच ठेवून नुसत्या पायांवर उंची किती मिळते, हे विचारावे. निसर्गचित्रणाला सव्वा मीटर बहुतेक वेळा पुरते.

खरी मेख पायाच्या शेवटच्या, सर्वांत बारीक नळीत असते. चार टप्प्यांच्या, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या चार नळ्यांच्या, पायात नळ्यांची जाडी साधारण 25, 22, 19 आणि 16 मिलिमीटर अशी उतरत जाते. पाचवा टप्पा जोडला की शेवटची नळी 13 मिलिमीटरवर येते, आणि नळीच्या पत्र्याची जाडी तीच असेल तर तिचा ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. पाच टप्प्यांचा ट्रायपॉड घडी केल्यावर आखूड दिसतो आणि पिशवीत छान मावतो, पण वाऱ्यात त्याची किंमत मोजावी लागते. बेताच्या पैशांत चार टप्प्यांचाच घ्यावा.

कार्बन फायबर की अ‍ॅल्युमिनियम, हा प्रश्न हमखास विचारला जातो. कार्बन हलका असतो आणि कंपने लवकर शमवतो, मात्र त्यासाठी पुष्कळ जास्त पैसे पडतात आणि लहान ट्रायपॉडमध्ये वाचणारे वजन बहुधा पाव ते अर्धा किलोच असते. विदर्भातल्या उन्हात दोन लिटर पाणी बरोबर घेऊनच निघावे लागते, तेव्हा एवढ्या वजनासाठी अंदाजपत्रक मोडण्यात अर्थ नाही. फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या एका तरी पायावर फोमची पकड असावी, कारण मे महिन्यात उघडी धातूची नळी हातात धरवत नाही.

लग्नसमारंभात दिसणारे, तिन्ही पाय मधल्या दांड्याला पट्ट्यांनी जोडलेले ट्रायपॉड भटकंतीला निरुपयोगी आहेत. कड्यावर एक पाय खडकावर आणि दुसरा खालच्या कपारीत टेकवायचा असतो, त्यासाठी प्रत्येक पाय वेगळ्या कोनात उघडला पाहिजे. वर बॉल हेड, म्हणजे कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून घट्ट करता येणारा गोळ्याचा सांधा, असावे आणि त्याची प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावायची पट्टी, आर्का या सर्रास मिळणाऱ्या पद्धतीची असावी, म्हणजे ती हरवली तर दुसरी सहज मिळते.

सीताबर्डीच्या दुकानात जाताना आपला कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स बरोबर न्यावी. ट्रायपॉड पूर्ण उघडून कॅमेरा बसवावा, पडद्यावर समोरच्या एखाद्या पाटीची अक्षरे मोठी करून पाहावीत आणि पायावर बोटाने हलकी टिचकी मारावी. अक्षरे किती वेळ थरथरतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. नंतर बॉल हेड घट्ट करून पाहावे; हात सोडल्यावर चौकट खाली घसरत असेल, तर तो ट्रायपॉड परत द्यावा, दुकानदार कितीही सूट देवो.

ताडोबा किंवा पेंचच्या सफारीसाठी मात्र ट्रायपॉड घेऊ नका. जिप्सीत तो उघडायला जागा नसते आणि खाली उतरण्याची मुभा नसते, तिथे धान्य भरलेली पिशवीच लेन्सखाली कामी येते. पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा असेल, तर परवानगीची चौकशी आधीच करून ठेवावी.

ओढ्यात पाय बुडवून छायाचित्रे काढली असतील, तर घरी आल्यावर सर्व टप्पे उघडून, स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. गाळ तसाच राहिला की नळ्या घट्ट करणाऱ्या पिळाच्या कड्या अडकू लागतात. सांध्यांचे स्क्रू प्रवासात सैल होतात, म्हणून खोक्यात मिळालेली छोटी एलन की, म्हणजे स्क्रू आवळायची षटकोनी किल्ली, कॅमेऱ्याच्या पिशवीतच राहू द्यावी.