धनी येईपर्यंत

(दृश्य : केडगाव रेल्वे स्टेशन, सकाळची वेळ)

पुण्याहून सोलापूरच्या बाजूला निघालं की दौंडच्या अलीकडं केडगाव लागतं. इथंच पंडिता रमाबाईंची ‘मुक्ती’ आहे. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींचं, विधवांचं घर म्हणून महाराष्ट्र तिला ओळखतो. आज आपण इथं एक वेगळाच प्रश्न घेऊन आलो आहोत. प्रभू येशू पुन्हा येणार, असं आपण उपासनेत दर रविवारी कबूल करतो. प्रभुभोजनाची भाकर मोडतो, तीही ‘तो येईपर्यंत’. मग तो येईपर्यंत करायचं काय?

शिष्यांनाही हा घोर होताच. जैतुनाच्या डोंगरावर त्यांनी येशूला एकांतात गाठून विचारलं : हे कधी होणार, आणि खूण काय? येशूनं दिवस सांगितला नाही. तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कुणालाच ठाऊक नाही, असं तो म्हणाला. आणि बोलता बोलता त्यानं एका कारभाऱ्याची गोष्ट सांगितली. मत्तयाच्या २४व्या अध्यायाच्या शेवटी ती आहे. घरच्या माणसांना वेळच्या वेळी जेवायला घालणं, हे त्या कारभाऱ्याचं काम. धनी अवचित येईल आणि हा तेच करताना सापडेल, तर तो धन्य. दुसरा कारभारी मनात म्हणतो, धनी काही इतक्यात येत नाही. आणि बरोबरच्या चाकरांना मारहाण करतो, दारुड्यांच्या पंगतीला बसतो. धनी कधी येणार हे दोघांनाही माहीत नाही. घरातली माणसं जेवली की उपाशी राहिली, एवढ्यावर सगळा निवाडा.

मंडळीच्या इतिहासात हे जेवणाचं काम पुन्हा पुन्हा विसरलं गेलं. थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीत प्रभूचा दिवस आलाच अशी हूल उठली होती, आणि त्याच मंडळीत काही जण कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या घरात लुडबुड करत फिरत होते. प्रेषित पौलानं त्यांना पत्रातून खडसावलं : ज्याला काम करायला नको, त्यानं खाऊही नये. तो स्वतः तंबू शिवून पोट भरायचा, म्हणून त्याला हे बोलायचा अधिकार होता. पुढं अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी येशूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीखच धरली. काहींनी उभी पिकं शेतात तशीच सोडली. तो दिवस उजाडला आणि मावळला. त्या माणसांना हसू नये, त्यांची ओढ खरी होती. पण पीक कापायला हवं होतं.

(दृश्य : मुक्तीचं आवार, झाडं, विहीर)

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण, तिघंही गेले. उरले त्या आणि भाऊ. दोघं पायी हिंडत कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं. पुढं भाऊ गेला, लग्न झालं, दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडं गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांचं काम तेव्हा पुण्यात चाले; तिथं प्लेगचा कहर आणि त्यावरचे कडक नियम, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या पडल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातकडून आणखी आल्या. दीड हजारांहून जास्त माणसं एका आवारात. विचार करा, रोजचं पीठ किती, सरपण किती, पाणी किती! आलेल्या कित्येक मुलींना महिनोन् महिने पोटभर मिळालेलं नव्हतं. त्यांना जपून, बेताबेतानं खायला घालावं लागे. १९०५ मध्ये याच आवारात मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी जागृती झाली, प्रार्थनेचे आवाज लांबवर गेले, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र त्या काळातल्या चुलीही तितक्याच मोलाच्या वाटतात. त्या प्रार्थनेला बसलेल्या मुलींना सकाळ-संध्याकाळ कुणीतरी भाकरी भाजून वाढत होतं.

(दृश्य : जुना छापखाना, खिळ्यांचे खण)

आणि हा छापखाना. रमाबाईंना खेड्यातल्या बाईला वाचता येईल, कळेल असं मराठी बायबल हवं होतं. त्यासाठी उतारवयाकडं झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुळणी करायला मुक्तीतल्याच मुली. खिळा जुळवणं म्हणजे काय, ते जवळून बघा. शिशाचं अक्षर उलटं असतं. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, प्रत्येकासाठी खण वेगळा. डाव्या हातात जुळणीची पट्टी, उजवा हात खणांमधून फिरतोय, एकेक खिळा उचलतोय. ओळ भरली की पुढची. चुकीचा खिळा लागला तर चिमट्यानं काढायचा. काही वर्षांपूर्वी ज्यांना अन्नाचा कण मिळत नव्हता, अक्षर माहीत नव्हतं, त्या मुली देवाचं वचन एकेका अक्षरानं उभं करत होत्या. भाषांतर, जुळणी, मुद्रितं (तपासायला काढलेले कच्चे छाप), दुरुस्त्या, पुन्हा मुद्रितं. हे काम वर्षानुवर्षं चाललं.

१९२१च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात. पुढं संस्था तीच सांभाळणार, असं सगळे धरून होते. रमाबाईंनी वयाची साठी ओलांडली होती, कान जवळजवळ गेले होते. टेबलावर मुद्रितं पडली होती. त्यांनी ती तपासायला घेतली.

शेवटची मुद्रितं नजरेखालून जाईपर्यंत त्यांनी देवाकडं आयुष्य मागून घेतलं, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडं गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं ते त्यांच्या मागं, त्यांनी शिकवलेल्या मुलींच्या हातून. आणि मुक्ती बंद पडली नाही. निराधार बायका-मुलींना आजही इथं घर मिळतं, ताट मिळतं.