टाळूचं औषध आणि कपाळावरची लव

नमस्कार, श्रोतेहो.

गेली एकवीस वर्षं मी तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवतो. तापाचं औषध माणसं मोठ्या आवाजात मागतात, केसांचं मात्र हळू. चिठ्ठी घडी करून पुढे सरकवतात आणि म्हणतात, "ते केसांचं द्या ना." मीही पूर्वी काही न बोलता बाटली पिशवीत घालून देत असे. ही माझी चूक होती, आणि ती एका बाईंमुळे माझ्या लक्षात आली.

उन्हाळ्याचे दिवस, दुपारचे दोन. दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून एक शिक्षिका आत आल्या. ओढणी भुवयांपर्यंत ओढलेली. ती जरा मागे सारून म्हणाल्या, "दादा, हे बघा काय झालंय." दोन्ही कानशिलांपासून भुवईच्या टोकापर्यंत बारीक काळी लव उतरली होती. कपाळाच्या वरच्या कडेला कातडी लाल होऊन तिचे पापुद्रे सुटत होते. चार महिन्यांपासून त्या मिनॉक्सिडिल, म्हणजे केस उगवण्यासाठी टाळूवर लावायचं औषध, लावत होत्या. भांगात केस येत होते, पण चेहऱ्याचं हे असं. वर्गातल्या मुली टक लावून बघतात, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मी एका रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, ड्रॉपर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "रोज कसं लावता तसंच लावून दाखवा." त्यांनी मान खाली घातली, पुढच्या भांगावर ड्रॉपर पिळला आणि मान वर केली. पाण्याचा थेंब कपाळावरून सरळ भुवईत आला. त्यांनी तो तळहाताने पुसला आणि त्याच हाताने गालावर आलेली बट मागे सारली. "आणि मग?" "मग झोपते. रात्री झोपतानाच लावते ना." उशीच्या अभ्र्यावर ताठ, पिवळसर डाग पडतात, हेही त्यांनीच सांगितलं.

मिनॉक्सिडिल जन्माला आलं ते केसांसाठी नव्हे. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने ते रक्तदाबाची गोळी म्हणून बनवलं आणि १९७९ साली तिथे त्या गोळीला मान्यता मिळाली. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले. तोच दुष्परिणाम कामी आणून टाळूवर लावायचं दोन टक्क्यांचं औषध तयार झालं आणि १९८८ साली त्यालाही मान्यता मिळाली. सांगायचं हे, की केस उगवणं हा या औषधाचा स्वभाव आहे. टाळू कुठली आणि कपाळ कुठलं, हे त्याला कळत नाही. जिथे पोचेल तिथल्या बारीक लवेलाही ते जाड आणि काळी करतं.

निरोगी टाळूतून सरासरी दीड टक्क्याहूनही कमी औषध रक्तात उतरतं. कातडी सोललेली, खाजवलेली असली तर जास्त. काही बायकांच्या केसांची मुळं इतकी हळवी असतात की कितीही जपून लावलं तरी थोडी लव येतेच. दोन टक्क्यांपेक्षा पाच टक्क्यांच्या औषधाने ती जास्त येते. म्हणून ज्या ताईंना दोन टक्के लिहून दिलंय, त्यांनी घरातल्या पुरुषाची पाच टक्क्यांची बाटली वापरू नये. आणि मात्रा एका वेळी एक मिलिलिटर म्हणजे एकच. दुप्पट ओतल्याने केस दुप्पट येत नाहीत, जास्तीचं औषध कपाळावर उतरतं.

आता लालीबद्दल. लव आणि लाली या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लव येते ती औषधामुळे. लाली, खाज, चुरचुर आणि पापुद्रे यांचं कारण बहुतेक वेळा औषध ज्या पाण्यासारख्या द्रवात विरघळवलेलं असतं तो द्रव असतो. त्यात अल्कोहोल असतं आणि प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ असतो. अल्कोहोल कातडी कोरडी करतं. प्रोपिलीन ग्लायकॉल पुष्कळांना सोसत नाही, आणि काहींना त्याची खरीखुरी ॲलर्जी असते. २००६ साली अमेरिकेत याच औषधाचा फेस बाजारात आला, त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल नव्हतं. आता आपल्याकडेही फेस मिळतो, आणि हा पदार्थ वगळून बनवलेली द्रावणंही मिळतात. महाग आहेत, हे मान्य. पण ज्याच्या कपाळाची रोज आग होते, त्याने औषध कायमचं सोडण्याआधी डॉक्टरांना एवढा प्रश्न जरूर विचारावा की यात ग्लायकॉल नसलेलं मिळेल का. बाटली बदलल्यावर महिनाभरात कपाळ निवलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोष दरवेळी या औषधाचाच असतो असंही नाही. कलपामध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी असली की कपाळाची कड, कान आणि पापण्या सुजतात. टिकलीच्या डिंकाने भुवयांच्या मध्ये नेमका टिकलीएवढा गोल डाग पडतो. कोंडा वाढला की भुवयांत आणि नाकाच्या कडेला तेलकट खवले दिसतात. या शिक्षिकाबाई तर औषधही लावत होत्या आणि दर महिन्याला कलपही. शिवाय खाजतंय म्हणून शेजारणीने दिलेली ट्यूब चोळत होत्या.

त्या ट्यूबबद्दल मला आज मनापासून बोलायचं आहे. माझ्या धंद्यातलं सगळ्यांत मोठं दुखणं ते आहे. चेहऱ्यावर काहीही झालं, खाज असो, मुरुम असो, काळपटपणा असो, आपल्याकडे एकच इलाज चालतो: "ती ट्यूब द्या." त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश होतो, महिनोन् महिने लावत राहतो. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा ट्यूब. आणि ऐका, चेहऱ्यावर लव वाढवणं हा स्टेरॉइड मलमाचासुद्धा दुष्परिणाम आहे. मिनॉक्सिडिलची खाज घालवायला लावलेली ट्यूब त्या लवेत आणखी भर घालते. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती विकली जातात, हे मी याच धंद्यात उभा राहून सांगतो. तुम्ही मागू नका. तुमच्या ओळखीच्या दुकानदाराने नाही म्हटलं, तर त्याच्यावर रागावू नका.

बाईंना मी काय सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. औषध लावायचं ते कोरड्या टाळूवर. न्हाऊन केस ओले असताना नाही, आणि चापून तेल घातलेल्या डोक्यावरही नाही. मान मागे टाकायची. ड्रॉपर पुढच्या केसांच्या कडेपासून दोन बोटं मागे, थेट कातडीवर टेकवायचा आणि थेंब थेंब सोडायचा. कलप लावताना कपाळाच्या कडेने व्हॅसलीनची रेघ ओढतो ना, तशीच बारीक रेघ इथेही ओढा. औषध जिरलं की हात साबणाने धुवा, नखांच्या खाली सुद्धा, आणि मगच चेहऱ्याला हात लावा. कपाळावर ओघळ आलाच तर पाण्याने धुऊन टाका. हाताने पसरवू नका. झोपायच्या निदान दोन तास, जमलं तर चार तास आधी लावा. शिक्षिकाबाई आता शाळेतून आल्यावर सहाच्या सुमाराला लावतात. आपला मे महिना असा की घामच औषध कपाळावर आणतो, म्हणून लावल्यावर लगेच चुलीपुढे किंवा उन्हात जाऊ नये. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदला.

घरात तान्हं बाळ असेल तर जास्तच जपा. बापाच्या डोक्याशी डोकं लावून खेळणाऱ्या बाळांच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी युरोपात झाल्या, आणि २०२४ साली तिथल्या औषध नियामक संस्थेने यासाठी इशारा छापायला सांगितलं. मांजर पाळलं असेल तर ते उशीला चाटणार नाही हे बघा. मांजराच्या पोटात हे औषध थोडं गेलं तरी ते दगावू शकतं.

आलेली लव जाते. औषध थांबवल्यावर चेहऱ्यावरची लव साधारण एक ते तीन महिन्यांत विरळ होते. पण औषध थांबलं की टाळूवर कमावलेले केसही गळतात, म्हणून हा निर्णय घाईने घेऊ नका, डॉक्टरांशी बोलून घ्या. तोवर थ्रेडिंग करा, नाहीतर बारीक रेझर फिरवा. रेझरने केस राठ होतात ही निव्वळ समजूत आहे. कातडी लाल असताना मात्र ब्लीच नको, वॅक्सिंग नको. लेझरवर हजारो रुपये घालवायची घाई तर मुळीच करू नका, कारण औषध चालू असेपर्यंत लव येतच राहील. आणि केस हनुवटीवर, ओठावर, गळ्याखाली जाड येत असतील, पाळीही पुढेमागे होत असेल, तर बाटलीला दोष देऊन थांबू नका. हार्मोनची तपासणी करून घ्या.

एकोणीस-वीस वर्षांची मुलं दाढी यावी म्हणून हेच औषध गालाला लावतात. मोबाइलवर बघून येतात आणि पाच टक्के मागतात. बाटलीवर टाळूसाठी असं लिहिलेलं असतं, गालासाठी नाही. गालाची कातडी टाळूपेक्षा नाजूक. कोरडी पडते, सोलते, मग तीच ट्यूब. बाळांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

काही खुणा अशा आहेत की तिथे वाट बघायची नाही. डोळ्यांभोवती किंवा चेहऱ्यावर सूज, हातापायांवर सूज, छातीत धडधड किंवा दुखणं, चक्कर, काही दिवसांत एकदम वाढलेलं वजन. औषध त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. हृदयविकार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय सुरूच करू नये. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी हे औषध लावू नये. आपल्याकडच्या काही बाटल्यांत मिनॉक्सिडिलसोबत फिनास्टराइड नावाचं केसगळतीवरचं दुसरं औषधही असतं, आणि ते पोटातल्या मुलग्याला घातक ठरू शकतं. लेबल वाचा, अक्षर बारीक असलं तर दुकानदाराकडून वाचून घ्या.

शिक्षिकाबाईंना मी जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे पॅच टेस्ट झाली. संशय असलेल्या पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर पट्टीने चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजू देत नाहीत, मग पट्टी काढून बघतात आणि पुन्हा दोनएक दिवसांनी बघतात. त्यांना मिनॉक्सिडिल सोसत होतं. ॲलर्जी निघाली ती ग्लायकॉलची आणि कलपाची. औषध बदललं, कलप बंद झाला, ट्यूब डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सोडवली. दिवाळीच्या सुमाराला त्या आल्या तेव्हा ओढणी खांद्यावर होती. कानशिलाजवळ थोडी लव होती अजून. त्यांनीच बोट लावून दाखवली.

तुम्हाला डॉक्टरांकडे जायचं असेल तर जे काही डोक्याला आणि चेहऱ्याला लावता ते सगळं पिशवीत घालून न्या: औषधाची बाटली, कलपाचं खोकं, टिकलीचं पाकीट, आणि शेजारणीने दिलेली ती ट्यूबसुद्धा.

नमस्कार.