आयर्विनला किती झालं?

(स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संकेतस्थळांविषयी सांगलीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ऑगस्ट महिना लागला की आपल्या सांगलीत दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : आयर्विनला किती झालं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं, असा त्याचा अर्थ; पण कुठला पूल, कसलं किती, काही सांगावं लागत नाही. उत्तर फुटांत येतं. 38 म्हटलं की सांगलवाडीतला माणूस हातातला चहा संपवतो. 40 म्हटलं, म्हणजे इशारा पातळी, की जनावरं कुठं हलवायची याची बोलणी सुरू होतात. 45 ही धोक्याची पातळी. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी आपण 50 च्या वर गेलो. 2019 ला तर 57 च्याही वर.

सार्वजनिक माहिती कशी असावी याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. एक ठिकाण, एक आकडा आणि एक वेळ. शाळेत न गेलेल्या आजीलाही तो कळतो आणि त्यावरून तिला निर्णय घेता येतो.

पण 2019 ला हा आकडा आपल्याला मिळत कसा होता, ते आठवा. पुलावरच्या पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होता. मला रात्री साडेनऊला एक फोटो आला. त्यावर वेळ नव्हती. त्या आकड्यावर विसंबून आम्ही ठरवलं की खालच्या खोलीतलं सामान सकाळी वर न्यायचं. फोटो दुपारी चारचा होता, हे नंतर कळलं. पहाटे तीनला पाणी उंबऱ्याला लागलं. वडिलांच्या वह्या गेल्या, आईचं शिलाई यंत्र गेलं. फोटो पुढं पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. चूक एवढीच, की आकड्याजवळ वेळ नव्हती आणि खात्री करून घ्यायला दुसरी जागा आमच्या माहितीत नव्हती.

त्या आकड्याच्या पुढचा प्रश्नही आपण सगळे विचारतो : इतक्या फुटाला माझ्या गल्लीत पाणी येतं का? गावभागातली जुनी माणसं हे तोंडपाठ सांगतात, ‘आमच्या पायरीला अमुक फुटाला लागतं.’ भाड्यानं राहायला आलेल्या, बाहेरगावच्या कुटुंबाला ते कोण सांगणार? किती फुटाला कुठला भाग पाण्याखाली जातो, ही माहिती प्रशासनाकडे असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती पहिल्या पानावर, गल्लीच्या नावानं, मोबाइलवर वाचता येईल अशी असली पाहिजे. वर आयर्विनची पातळी आणि ती किती वाजता मोजली ते. त्याखाली कोयना आणि वारणा धरणांतून किती विसर्ग चालू आहे ते, कारण कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि वारणा आपल्या हरिपूरला मिळते. पावसाळ्यात पदाधिकाऱ्यांचे फोटो चार बोटं खाली सरकले तर कुणाचा मान कमी होत नाही.

मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे. आपली बहुतेक स्थानिक संकेतस्थळं विभागांच्या यादीवरून रचलेली असतात. सामान्य प्रशासन, लेखा, बांधकाम, आरोग्य. ती लोकांच्या तोंडातल्या प्रश्नावरून रचली पाहिजेत, आणि प्रत्येक उत्तराच्या मागं एक जबाबदार माणूस उभा पाहिजे.

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. आता दर गुरुवारी वाचनालयात एक टेबल मांडून बसतो. ज्यांना सरकारी कामाची माहिती नेटवर शोधायची आहे ते येतात, आम्ही मिळून शोधतो. गेल्या हिवाळ्यात मिरज पूर्व भागातल्या एक मावशी आल्या. द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या. नवरा वारलेला, घर त्याच्या नावावर. घरपट्टीला स्वतःचं आणि मुलांचं नाव लावायचं होतं. तीन हेलपाटे झाले होते. पहिल्यांदा मृत्यूचा दाखला नव्हता म्हणून, दुसऱ्यांदा चालू वर्षाची घरपट्टी बाकी होती म्हणून, तिसऱ्यांदा वारसांचं प्रतिज्ञापत्र नव्हतं म्हणून. तीन हेलपाटे म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडाला, वर एसटीचं भाडं वेगळं.

मी त्या संस्थेचं संकेतस्थळ उघडलं. नाव घेत नाही; एकट्या तिचा हा दोष नाही. शोधाच्या चौकटीत ‘वारस नोंद’ टाकलं, काही आलं नाही. ‘घरपट्टी’ टाकलं, काही आलं नाही. मग एकेक विभाग उघडत गेलो. पाऊण तासानं ‘कर आकारणी’च्या खाली ‘इतर’ नावाच्या दुव्यात एक पीडीएफ सापडली. कागद आडवा ठेवून स्कॅन केलेला, मान वाकडी करून वाचावा लागणारा. आणि त्यात सगळं होतं! लागणारे चारही कागद, अर्जाचा नमुना, मुदत. कुणीतरी कारकुनानं नीट, मन लावून तयार केलेलं पान होतं ते. फक्त ते कुणाला सापडणार नाही अशा जागी होतं. मावशी एवढंच म्हणाल्या, “हितं लिवलेलं हाय व्हय सगळं? मग मला कुणी का न्हाई सांगितलं?”

हे पान शोधात का आलं नाही, ते समजून घ्या. स्कॅन केलेला कागद म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं फोटो. त्यात अक्षरं नसतात. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत टंकलेला मजकूर दिसायला मराठी, पण उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होतो. कारण आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर मराठीचा मुखवटा असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टंकलं तरच ‘घरपट्टी’ ही यंत्रालाही घरपट्टी दिसते. युनिकोडसाठी एक पैसा लागत नाही; संगणकात आणि मोबाइलमध्ये तो आधीपासून आहे. मराठी ही राजभाषा करणारा कायदा 1964 चा. त्या भाषेत शोधलं तर काहीतरी सापडावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणि फोटोतला मजकूर ज्याला मुळीच वाचता येत नाही तो वाचक वेगळाच. आमच्याकडे एक तरुण येतो, जन्मापासून दृष्टी नाही. मोबाइल त्याला पडद्यावरचं वाचून दाखवतो. एकदा त्यानं माझ्यासमोर एका नगरपालिकेचं पहिलं पान ऐकवलं. “इमेज. इमेज. अनलेबल्ड बटन. इमेज. लिंक. इमेज.” दोन मिनिटं हेच. तो शांतपणे म्हणाला, “सर, हे घर आहे, पण याला दारं नाहीत.” दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. चित्राला शब्दांत वर्णन द्या, हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे. एका चित्राला एक ओळ. तेवढी ओळ लिहायला किती वेळ लागतो?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 नीट वाचा. अर्ज कसा करायचा ते आपण सगळे शिकलो. पण अर्ज करावाच लागू नये इतकी माहिती कार्यालयानं आपण होऊन द्यावी, असं हे कलम म्हणतं. 17 बाबी, कायदा झाल्यापासून 120 दिवसांत. म्हणजे 12 ऑक्टोबर 2005 ला कायदा पूर्ण लागू झाला तेव्हाच ही माहिती तयार असायला हवी होती. अनेक ठिकाणी या 17 बाबींची एक पीडीएफ एकदा टाकली जाते आणि मग अधिकारी बदलतात, फोन बदलतात, पीडीएफ तीच राहते. दुसरा कायदा 2015 चा, लोकसेवा हक्काचा. कोणती सेवा किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो, कोण, अपील कुणाकडे, हे फलकावर आणि संकेतस्थळावर लावायचं आहे. या दोन गोष्टी जिथं खऱ्या अर्थानं केल्या तिथं निम्मी गर्दी खिडकीवरून हटेल, असं माझं ठाम मत आहे.

आपली माणसं नेट वापरत नाहीत, हे मला कुणी सांगू नये. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळायला लागला आणि खानापूर-आटपाडीचा शेतकरीसुद्धा तो काढायला शिकला. कामाची गोष्ट मिळत असली की माणूस शिकतो.

आता तारखेबद्दल. तळाशी ‘शेवटचा बदल’ असं लिहिलेलं असतं आणि पुढं आजची तारीख असते. मला सुरुवातीला फार बरं वाटायचं. मग लक्षात आलं, ती तारीख पानाची नसतेच. संगणकाचं घड्याळ आपोआप रोजची तारीख छापत असतं. आत मात्र बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव. तारीख प्रत्येक पानाची वेगळी हवी, आणि जवळ पदाचं नाव हवं : या पानाची जबाबदारी कर अधीक्षकांकडे, पुढची तपासणी अमुक महिन्यात.

ग्रंथपाल म्हणून मला सर्वांत जास्त टोचतं ते पुढचं. ठेका बदलला की संकेतस्थळ नवं होतं. रंग नवे, चित्रं नवी. आणि जुनं सगळं पुसलेलं. पाच वर्षांपूर्वीचं अंदाजपत्रक, सभेचे ठराव, पुराच्या वेळचे आदेश. कचेरीतल्या दफ्तराला आपण लाल फडक्यात बांधून वर्षानुवर्षं जपतो. हेही दफ्तरच आहे. ठेक्याच्या अटींत एक ओळ घाला की जुना मजकूर जुन्या पत्त्यावर तसाच राहील. निविदा काढताना ही ओळ घालायला पैसे पडत नाहीत. नंतर हरवलेला ठराव शोधायला मात्र पडतात.

इथं काही सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी बसले आहेत, म्हणून गावाचं बोलतो. तुमच्यापैकी अनेकांकडे स्वतःचं संकेतस्थळ नसेल. घाईनं करूही नका. ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं ग्रामपंचायतींसाठीचं संकेतस्थळ एप्रिल 2020 पासून आहे. गावाचा आराखडा, वित्त आयोगाचा निधी, कुठल्या कामाला किती खर्च पडला, हे तिथं कुणालाही बघता येतं. तासगाव तालुक्यातल्या एका ग्रामसभेत मी हजर होतो. एका मुलीनं मोबाइलवरून एका कामाचा खर्च वाचून दाखवला. मंडळी गोंधळली, कारण ते काम झालंच नव्हतं. सरपंच चिडले नाहीत, याचं मला कौतुक वाटलं. त्यांनी दप्तर मागवलं. काम शेजारच्या वस्तीवर झालं होतं, नोंद करताना वस्तीचं नाव चुकलं होतं. पंधरा मिनिटांत उलगडा झाला. ती मुलगी बोलली नसती तर दोन वर्षं पारावर कुजबुज चालली असती. यशवंतराव चव्हाण आपल्या देवराष्ट्र्याचे. ते मुख्यमंत्री असताना जिल्हा परिषदांचा कायदा झाला, 1 मे 1962 ला परिषदा आल्या. कारभार लोकांच्या दारात यावा हा त्यामागचा विचार होता, आणि त्या मुलीच्या हातातल्या मोबाइलवर मला तो आलेला दिसला.

तपासणीची एक साधी पद्धत सांगतो. खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला आठवडाभर एक वही द्या. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगा. ती वही म्हणजे तुमच्या संकेतस्थळाची अनुक्रमणिका. मग त्यातला एक प्रश्न घ्या, बाहेरच्या कुणालाही मोबाइल द्या, आणि शेजारी गप्प बसा. ‘इथं दाबा’ म्हणायचं नाही. तो जिथं अडेल तिथं खूण करा. संगणकतज्ज्ञ नंतर बोलवा.

आम्ही मावशींचं तेच केलं. त्या आडव्या पीडीएफवरून मी नऊ ओळींचं पान लिहिलं आणि त्यांच्या मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं. ‘प्रतिज्ञापत्र’ आलं तिथं मावशींनी थांबवलं. “म्हंजे ते ॲफिडेव्हिट करून आणत्यात, त्येच का?” मी शब्द तसाच ठेवून पुढं ‘म्हणजे ॲफिडेव्हिट’ असं घातलं. मग त्यांनी विचारलं, “आनि कोन भेटतं, कुठल्या वारी?” ते माझ्या नऊ ओळींत नव्हतंच. मूळ पीडीएफमध्येही नव्हतं. फोन करून विचारलं. संबंधित लिपिक सोमवारी आणि गुरुवारी गावात असतात. ती दहावी ओळ झाली.

ते पान मी त्या कार्यालयाला दिलं. लिपिकांनी त्याची छापील प्रत काढून खिडकीच्या काचेवर आतून चिकटवली आहे, मी परवाच पाहून आलो. संकेतस्थळावर ते अजून चढलेलं नाही. येत्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर सकाळी साडेदहाला एसटी स्टँडवर भेटा.