छर्रा पडतो कुठे?

(दृश्य: मोकळं मैदान, सकाळचं ऊन. "पुल!", म्हणजे तबकडी सोडा, अशी हाक येते. नारिंगी तबकडी वर उडते.)

धाड!

तबकडी फुटली, भुकटी हवेत विरली. नेमबाजाने बंदूक मधोमध उघडली, रिकामं काडतूस मागे उडालं. पुढची तबकडी तयार आहे. सगळ्यांचे डोळे तबकडीवर. छर्ऱ्यांकडे कोणी पाहत नाही.

(दृश्य: कॅमेरा नेमबाजाला मागे सोडून मैदानाच्या पार टोकाला जातो. गवत.)

आपण पाहू. त्या एका काडतुसात 24 ग्रॅम शिसं होतं. म्हणजे साधारण 300 छर्रे, एकेक मोहरीच्या दाण्याएवढा. तबकडीला लागले ते मोजके. बाकीचे तसेच पुढे गेले आणि 200 मीटरच्या आसपास या गवतात येऊन पडले. मूठभर वाळू भिरकावल्यासारखा आवाज येतो, तोही कान देऊन ऐकलं तरच.

25 तबकड्यांचा एक राउंड. प्रत्येक तबकडीवर एकच बार धरला तरी 600 ग्रॅम शिसं. आठवड्याला एक राउंड खेळणारा हौशी माणूस वर्षाला 31 किलो शिसं या गवतात पेरतो. क्लबात असे पन्नास जण असतील, तर दीड टन. आणि शिसं कुजत नाही.

(दृश्य: पाणथळ जागा. बदकं चिखलात चोच घालताहेत.)

बदकाला दात नसतात. दाणे दळायला ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या पेषणीत साठवून ठेवतं. छर्रा आणि खडा यांतला फरक त्याला कळत नाही. पेषणीत खड्यांबरोबर शिसंही झिजतं, पोटातल्या आम्लात विरघळतं आणि रक्तात जातं. गिधाडांच्या जातीतल्या पक्ष्यांचं दुखणं वेगळं. शिकाऱ्याच्या गोळीचे बारीक तुकडे मेलेल्या जनावराच्या मांसात राहतात आणि ते मांस हे पक्षी खातात. कॅलिफोर्नियातले काँडोर 1982 मध्ये जेमतेम 22 उरले होते. त्यांना पिंजऱ्यात वाढवून परत रानात सोडलं, तरी त्यांच्या मृत्यूचं एक मोठं कारण शिसंच राहिलं.

म्हणून कायदे आले. अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. डेन्मार्कने 1996 मध्ये शिशाचे छर्रे थांबवले आणि एप्रिल 2024 पासून शिकारीच्या रायफलच्या गोळ्यांनाही तोच नियम लावला. कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून कुठलीही शिकार बिनशिशाच्या दारूगोळ्यानेच करावी लागते. युरोपियन युनियनने फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत शिशाचे छर्रे झाडायला मनाई केली. ब्रिटनने जुलै 2025 मध्ये आणखी पुढचं पाऊल जाहीर केलं: 1 टक्क्याहून जास्त शिसं असलेले छर्रे आणि 3 टक्क्यांहून जास्त शिसं असलेल्या गोळ्या बंद, त्याआधी तीन वर्षांची मुदत. लहान कॅलिबरच्या, म्हणजे कमी व्यासाच्या, गोळ्या आणि एअरगन मात्र त्यातून वगळल्या.

ही वगळलेली नावं लक्षात ठेवा. खरी गोष्ट तिथेच आहे.

(दृश्य: टेबलावर तीन वस्तू. छर्ऱ्याचं काडतूस, पॉइंट टूटू, म्हणजे 0.22 इंची रायफलची गोळी, एअर रायफलचा पेलेट, म्हणजे तिची चिमुकली गोळी.)

"शिसं बंद" म्हटलं की सगळे नेमबाज एकाच सुरात ओरडतात. पण फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. तो हातात कोणती बंदूक आहे, यावर ठरतो.

तबकडीवाल्यांचं आधी. त्यांच्यासाठी पर्याय तयार आहे, पोलादी छर्रा. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8. हलका छर्रा हवेत लवकर वेग गमावतो, म्हणून एकदोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा आणि काडतुसाचा वेग थोडा वाढवायचा. नेहमीच्या अंतरावर तबकडी फुटते, अगदी व्यवस्थित फुटते. माझ्या मते इथली तक्रार बरीचशी सवयीची आहे.

बरीचशी, सगळी नाही. आजोबांच्या काळातली बंदूक जपून ठेवलेल्या माणसाची अडचण खरी आहे. शिसं मऊ असतं, नळीच्या तोंडाशी आवळलेल्या चोकमधून जाताना ते दबतं. पोलाद दबत नाही. जुनी पातळ नळी आणि घट्ट चोक असेल, तर तोंडाशी नळी फुगू शकते. बंदूक तपासून घेणं, चोक मोकळा करून घेणं, नाहीतर बिस्मथ धातूचे महाग छर्रे वापरणं, एवढेच मार्ग. शिवाय पोलाद कडक जागी आपटून उसळतं, डोळ्यांवर चष्मा हवाच. झाडात रुतलेला पोलादी छर्रा पुढे लाकूड कापणाऱ्या करवतीचे दात घालवतो, ही तक्रार नेमबाजांची नाही, जंगलवाल्यांची.

पॉइंट टूटूची गोष्ट वेगळी. जगभर हजारो लोक पहिला नेम याच बंदुकीवर शिकतात. बार हलका, धक्का नाममात्र, गोळी स्वस्त. गोळीचं वजन जेमतेम अडीच ग्रॅम, आणि तिचं सगळं गणित शिशावर बसवलेलं.

(दृश्य: नळीच्या आतून. सर्पिल खाचा, अगदी जवळून.)

नळीतल्या या खाचा गोळीला फिरकी देतात. पॉइंट टूटूच्या नळीत साधारण 16 इंचांत एक फेरा होतो. शिशाची मऊ गोळी कमी दाबातही खाचांत नीट बसते आणि एवढ्या फिरकीवर सरळ जाते. आता तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची करा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून गोळी लांब होते. लांब गोळीला फिरकी जास्त लागते, आणि नळी ती देत नाही. बरं, लांबी तीच ठेवली तर गोळी हलकी होते आणि वारा तिला ढकलतो. दहा मीटरवरच्या एअर रायफलवाल्याला कथिलाचे पेलेट मिळतात, पण खूप हलके. कागदावर एकाच भोकात पाच पेलेट घालण्याचा ज्याला नाद आहे, तो त्यांना सहसा हात लावत नाही.

थोडक्यात, ज्याच्या काडतुसात सर्वांत जास्त शिसं, त्याला पर्याय सोपा. ज्याची गोळी सर्वांत लहान, त्याला सर्वांत अवघड. ब्रिटनने लहान कॅलिबर का वगळली असावी, हे यावरून समजतं.

(दृश्य: बंदिस्त रेंज. पंख्यांचा घोंघाट. एक मुलगा काडतुसं भरतोय. त्याची बोटं राखाडी झाली आहेत.)

बंदिस्त रेंजवर या कायद्यांची नजर सहसा पोचत नाही. इथे बदकं नाहीत ना. इथे आहे हा मुलगा. काडतुसाच्या बुडाशी असतो तो प्रायमर, आणि त्यातल्या स्फोटकातही बहुधा शिशाचंच संयुग असतं. चाप ओढला की धुरासोबत ते नाकासमोर येतं. गोळी तांब्याची केली आणि प्रायमर तोच ठेवला, तर या मुलाच्या फुप्फुसात शिसं जातच राहणार. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंच प्रमाण निर्धोक नसतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपाय साधे आहेत, कंटाळवाणे आहेत. हवा नेमबाजाच्या पाठीमागून पुढे वाहायला हवी. जमीन झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. रेंजवर खायचं-प्यायचं नाही. हात साबणाने धुवायचे, कपडे घरी आल्याबरोबर बदलायचे.

(दृश्य: रेंज बंद झाली आहे. दिवे अर्धे विझलेले. एक कामगार, तोंडावर मास्क, हातात हातमोजे.)

लक्ष्यामागचा लोखंडी सापळा आठवड्यातून एकदा उघडला जातो. आत चपट्या झालेल्या गोळ्या, राखाडी चकत्या, चुरा. मैदानावरच्या छर्ऱ्याला हे भाग्य क्वचितच लाभतं. तिथे माती खरवडावी लागते, चाळावी लागते, आम्लट मातीत शिसं झिरपू नये म्हणून चुना टाकावा लागतो. इथलं शिसं मोजता येतं, विकता येतं, वितळवून पुन्हा वापरता येतं.

कामगार फावड्याने बादली भरतो. अर्धीच भरतो. मग दाराकडे बघून हाक मारतो, कारण तेवढी अर्धी बादलीही उचलायला दुसरा माणूस लागतो.